वाचकांचे प्रश्न : केमो संपली, शेक संपले, आता पुढे?

मागच्या अंकात स्तनाच्या ऑपरेशननंतर खांदा मोकळा कसा ठेवायचा, यावर मी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपांत खांद्याबद्दल फार थोड्यांनी विचारलंय. बहुतेकींचं म्हणणं एकच. ऑपरेशन झालं, केमो झाली, लाईट म्हणजे रेडिएशनचे शेक घेऊन झाले, घरचे म्हणतात ‘सुटलीस एकदाची’, मग मला सुटल्यासारखं का वाटत नाही?

मी कॅन्सरची डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. पण बाईचा हात हातात घेऊन अर्धा तास बसलं की ती बोलायला लागते. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना सांगायचं राहून गेलेलं बरंच काही आमच्या टेबलापाशी निघतं. त्यातून जे कळलं त्याच्या आधारावर ही उत्तरं. औषधांबद्दल जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून, त्यांच्याऐवजी नव्हे.

ताई, माझं वय ४६. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीपण काढल्या. सगळे उपचार संपून आठ महिने झाले. संध्याकाळी हात जड होतो, अंगठी रुतते. सासूबाई म्हणतात त्या हाताने काडीसुद्धा उचलायची नाही. यंदा लावणीला सगळं घर खाचरात आणि मी पडवीत बसून. भाकरीसुद्धा जाऊ थापते. दिवाळीनंतर पुतणीचं लग्न आहे, चुडा भरू का नको? शेजारची म्हणते हात कायमचा गेला. खरं आहे का?
— एक शेतकरी भगिनी, वेल्हे तालुका

ताई, हात गेलेला नाही. आधी हे मनातून काढून टाका.

काखेतल्या ज्या गाठी काढल्या त्यांचं काम हातातलं जास्तीचं पाणी परत रक्तात पोचवायचं. खाचराच्या बांधातली वाट बुजली की पाणी कसं तुंबतं, तसं त्या गाठी गेल्यावर, आणि शेकामुळे उरलेल्या वाटाही आकसल्यावर, हातात पाणी साठतं. याला लिम्फेडेमा म्हणतात. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचांतल्या एकीला हा त्रास होतो. काहींना लगेच, काहींना चार-पाच वर्षांनीसुद्धा. तुम्ही सांगता तशी संध्याकाळची जडपणाची आणि रुतणाऱ्या अंगठीची अवस्था ही अगदी सुरुवात आहे. या वेळी हात धरला तर आटोक्यात राहतो. म्हणून अंगठी आजच काढा आणि या पंधरवड्यात फिजिओथेरपिस्टला दाखवा.

तोवर घरी एक करा. शिंप्याची टेप घ्या. मनगट, कोपराच्या खाली चार बोटं आणि कोपराच्या वर चार बोटं, अशा तीन जागी दोन्ही हातांचं माप घ्या आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. माप सकाळीच घ्यायचं, दर वेळी त्याच जागी. दोन हातांत कुठेही दोन सेंटीमीटर किंवा जास्त फरक दिसला तर बहुतेक वेळा दाबाची बाही लागते. ही बाही मापाची असते, दुकानातून अंदाजाने उचलायची नाही. सकाळी उठल्या उठल्या, हात हलका असताना चढवायची, रात्री झोपताना काढायची. रोज धुवायची, म्हणून दोन असलेल्या बऱ्या. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण सैल पडतो, मग नवी घ्यावी लागते.

आता कामाचं. तुमच्या सासूबाईंचा जीव आहे तुमच्यावर, ते पत्रातूनच दिसतं. हात उचलायचा नाही हा सल्ला पूर्वी आम्हीसुद्धा सगळीकडे देत असू. पण २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताला आधीच सूज असलेल्या बायकांकडून देखरेखीखाली, हळूहळू वाढवत, वजनं उचलून घेतली. त्यांची सूज वाढली नाही, हाताची ताकद वाढली, आणि मधूनमधून सूज उसळायची तेही कमी झालं. दंडाचे स्नायू आवळले-सोडले गेले की साठलेलं पाणी पुढे ढकललं जातं. बसून राहिलेल्या हातात ते जागच्या जागी राहतं, खांदाही धरतो. अंगणात दोरीवर कपडे घालणं, स्वतःचे केस विंचरणं, वेणी घालणं, भाकरी थापणं, यासारखा व्यायाम नाही. भाकरी आजपासून तुम्ही थापा. सुरुवातीला दोन-तीन, मग वाढवा. फक्त गरम तव्यावर ती उजव्या हाताने टाका, कारण ऑपरेशननंतर दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो आणि चटका बसलेला पटकन कळत नाही.

लावणीचं मात्र नीट समजून घ्या. लावणी करताना रोपांची मूठ डाव्या हातात असते आणि उजवा हात रोपं लावतो. म्हणजे तुमचा ऑपरेशनचा हात वाकलेल्या अंगाने तासन्‌तास खाली लोंबता राहतो, मूठ आवळलेली, आणि चिखलात. यात दोन त्रास आहेत. एक, लोंबत्या हातात पाणी उतरतं. दोन, भिजून मऊ पडलेल्या कातडीला बांधावरच्या गवताची धार लागली, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, की जंतू आत शिरायला वाट मिळते. म्हणून या वर्षी दिवसभराची ओळ धरू नका. बाही चढवून, वर कोपरापर्यंतचा रबरी हातमोजा घालून, सकाळच्या वेळी थोडा वेळ उतरा. मधेमधे कंबर सरळ करा, हात डोक्यावर नेऊन मूठ दहा-पंधरा वेळा उघडमीट करा, मग परत वाका. वर आल्यावर हात साबणाने धुऊन बोटांची बेचकी कोरडी करा आणि खोबरेल लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी माप घ्या. वाढलं नसेल तर त्या दिवशी थोडा जास्त वेळ. वाढलं तर एक दिवस बांधावर बसून रोपांच्या मुठी मोजून द्या. पाण्याचा भरलेला हंडा मात्र डाव्या कडेला आत्ताच नको. कळशीपासून सुरुवात करा.

हात लाल झाला, गरम लागायला लागला, थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, अँटिबायोटिक सुरू करायचं. तालुक्याला जायला गाडी नाही म्हणून दोन दिवस काढले आणि तेवढ्यात हात दुप्पट झाला, अशा बायका मी पाहिल्या आहेत. रक्त काढायला, सलाईन लावायला, बीपी बघायला उजवा हात पुढे करा. सुजेवर गरम पाण्याची पिशवी नको. आणि सूज ‘उतरवून देणाऱ्या’ मालिशवाल्यांना हात देऊ नका. लिम्फेडेमाचा मसाज अगदी हलक्या हाताचा असतो, जोर लावून रगडलं तर नुकसान होतं.

चुड्याचं तुम्ही संकोचून शेवटी लिहिलंय, पण मला तो प्रश्न मोठा वाटतो. पुतणीच्या लग्नात काकीचे हात ओकेबोके दिसले तर मांडवातली प्रत्येक बाई कारण विचारणार. चुडा जरूर भरा. उजव्या हातात नेहमीसारखा. डाव्या हातात नेहमीपेक्षा दोन मापं मोठ्या, मोजक्या बांगड्या, अशा की त्या सहज कोपराकडे सरकतील. कासाराला आधीच सांगा की या हाताला साबण लावून पंजा दाबून बांगडी चढवायची नाही. काच फुटून हात कापण्याची भीती वाटत असेल तर डाव्या हातात हिरव्या लाखेच्या किंवा धातूच्या घाला. रात्री उतरवून ठेवा. आणि हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवा, भाकरीच्या भागासकट.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ५४. दीड वर्षापासून लेट्रोझोल चालू आहे. सकाळी उठताना बोटं उघडत नाहीत, खडू धरवत नाही, मुलांबरोबर खाली बसले तर उठताना बाकाचा आधार लागतो. कॅन्सर तर निघून गेलाय. मग ही गोळी पाच वर्षं कशासाठी? बंद करावी असं रोज वाटतं.
— एक शिक्षिका, सिन्नर

बाई, दुखणं खरं आहे आणि ते गोळीचंच असण्याची शक्यता मोठी आहे. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गटातल्या गोळ्यांनी जवळपास निम्म्या बायकांचे सांधे धरतात. वय झालं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

पण गोळी मनाने बंद करू नका. तुमची गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी होती, म्हणून ही गोळी दिली आहे. मासिक पाळी गेल्यावरही शरीर थोडं इस्ट्रोजेन बनवत असतं, ते ही गोळी रोखते. गाठ काढली तरी डोळ्यांना आणि स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी कुठे राहिल्या असतील तर त्यांना उपाशी ठेवणं हे तिचं काम, आणि या जातीचा कॅन्सर पाच वर्षांनंतरही परत येऊ शकतो. गुपचूप गोळी सोडलेल्या बायका डॉक्टरांना ‘चालू आहे’ असं सांगतात आणि डॉक्टर त्या हिशेबाने पुढचं ठरवतात. ते फार धोक्याचं आहे. डॉक्टरांना सरळ सांगा, ‘मला खडू धरवत नाही.’ याच शब्दांत. ‘थोडं अंग दुखतं’ असं म्हणू नका. त्यांच्याकडे मार्ग आहेत. काही आठवडे गोळी थांबवून बघता येते, त्याच गटातली दुसरी गोळी देता येते आणि बऱ्याच जणींना दुसरी सोसते. कधी टॅमॉक्सिफेन या वेगळ्या गटातल्या गोळीचा विचार होतो. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम बघून घ्या, आणि हाडांची डेक्सा तपासणी झाली नसेल तर करून घ्या, कारण या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात.

माझ्या बाजूचं सांगते. दुखतंय म्हणून हालचाल कमी केली की हे दुखणं वाढतं. रोज अर्धा तास चालणं आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम, याने गोळीमुळे होणारी सांधेदुखी कमी होते, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच मुठी उघडमीट करा, मग कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवा. शाळेत मोठ्या सुट्टीत खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा. खडूला जाड होल्डर मिळतो, तो वापरा. आणि मुख्याध्यापकांना सांगून यंदा पहिलीऐवजी चौथीचा वर्ग मागून घ्या. त्या वर्गात मुलांबरोबर जमिनीवर फारसं बसावं लागणार नाही.

मॅडम, माझ्या पत्नीच्या (वय ४१) स्तनाचं ऑपरेशन होऊन सव्वा वर्ष झालं. ती आता बाथरूमचं दार लावूनच कपडे बदलते. रात्री घामाने उठते, गॅलरीत जाऊन बसते. मी जवळ गेलो तर आक्रसते. मला कशानेही फरक पडत नाही, पण हे तिला सांगायचं कसं? मी काही बोललो तर तिला वाटतं मी दया दाखवतोय. हे कोणाला विचारायचं हेही कळत नव्हतं.
— एक वाचक, डोंबिवली

दादा, तुम्ही लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. नवऱ्यांची पत्रं जवळजवळ येतच नाहीत.

‘मला काही फरक पडत नाही’ हे वाक्य तुम्ही प्रेमाने म्हणता, पण फरक तिला पडलाय. तिला ते ऐकून असं वाटत असेल की आपलं गेलेलं यांच्या लेखी गेलेलंच नाही. त्यापेक्षा तिला विचारा, की तुला काय वाटतं? आणि मग गप्प बसून ऐका. रडली तर रडू द्या. लगेच धीर द्यायची घाई नको. व्रण बघायचा की नाही, कधी, उजेडात की अंधारात, हे तिला ठरवू द्या. जवळीक म्हणजे लगेच संबंध, असं तिला वाटत असेल तर ती हात धरायलाही घाबरेल. म्हणून काही दिवस ‘फक्त शेजारी झोपायचं’ असं दोघांनी बोलून ठरवा. गॅलरीत ती बसली की तुम्हीही जाऊन बसा.

बऱ्याचदा कारण मनाचं नसून शरीराचं असतं. तिच्या वयाच्या बाईला केमोने पाळी थांबलेली असू शकते, वर बहुतेक टॅमॉक्सिफेन चालू असेल. रात्रीचा घाम त्याचाच. सुती अंथरूण, पंख्याखालची जागा, उशाशी गार पाणी, संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद, याने थोडं सुसह्य होतं. फारच होत असेल तर त्यावर औषधं आहेत, पण ती कॅन्सरच्या डॉक्टरांकडूनच. नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात. योनीमार्ग कोरडा पडतो आणि संबंध दुखतात, हे बायका कुणालाच सांगत नाहीत. आक्रसण्याचं कारण कदाचित तेच असेल. पाण्याच्या घटकाचं ल्युब्रिकंट औषधांच्या दुकानात मिळतं, रोजच्या वापराची मॉइश्चरायझर जेलही मिळतात. इस्ट्रोजेनची क्रीम मात्र मनाने आणू नका. आणि पाळी थांबली तरी दिवस जाऊ शकतात. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहणं बाळाला धोक्याचं आहे, तेव्हा कंडोम किंवा तांबी. गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत.

एका बाजूचं वजन गेल्याने खांदा पुढे झुकतो, पाठ दुखते, हेही बघा. सिलिकॉनचं कृत्रिम स्तन वजनाने खऱ्यासारखं असतं. ते परवडत नसेल तर सुती धाग्यांनी विणलेलं हलकं मिळतं, अनेक ठिकाणी स्वयंसेवी बायका ते विणून फुकट देतात. काही जणी घरीच सुती पिशवीत मोहरी भरून, मापाने शिवून ब्लाउजच्या अस्तरात खिसा करून घेतात. माझ्या ओळखीची एक शिंपीण असे खिसे इतके सुबक शिवते की बाहेरून टाकासुद्धा दिसत नाही. स्तन पुन्हा तयार करण्याचं ऑपरेशन नंतरही करता येतं, सव्वा वर्षाने उशीर झालेला नाही. तिला हवं असेल तर प्लास्टिक सर्जनला भेटा. नको असेल तर तो विषय संपला.

आणि एक. यातून गेलेल्या दुसऱ्या बाईशी तिला बोलू द्या. मुंबईत १९९४ पासून व्ही केअर फाउंडेशन हे काम करतंय, तिथले अनेक स्वयंसेवक स्वतः कॅन्सरमधून बाहेर आलेले आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटी तर १९५१ पासून आहे. जी गोष्ट तुम्ही हजारदा सांगून तिला पटणार नाही, ती ब्लाउज नीट बसलेली एखादी बाई समोर येऊन बसली की पटते.

दर तपासणीच्या आधी आठवडाभर झोप लागत नाही. भाऊ म्हणतो दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करून टाक. नणंद लक्ष्मणफळाचा रस पाठवते, शिवाय साखर आणि दूध बंद करायला सांगते. काय करू?
— एक भगिनी, सोलापूर

पेट स्कॅन नको. कुठलीही तक्रार नसताना पेट स्कॅन, बोन स्कॅन किंवा रक्तातले ट्यूमर मार्कर करत राहिल्याने बायका जास्त जगतात असं दिसलेलं नाही. उलट काहीतरी पुसट दिसतं आणि पुढचे दोन महिने सुया आणि भीतीत जातात. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, आणि दर वर्षी मॅमोग्राफी. एवढं चुकवू नका. मधे मात्र व्रणाजवळ किंवा काखेत नवी गाठ, दोन-तीन आठवडे न थांबणारं एकाच जागचं हाडाचं दुखणं, खोकला, धाप, विनाकारण उतरणारं वजन, सततची डोकेदुखी, यांतलं काही झालं तर तारखेची वाट न बघता जा.

लक्ष्मणफळाने कॅन्सर बरा होतो याला माणसांवरच्या अभ्यासाचा आधार नाही. नणंदेला दुखवू नका, ‘डॉक्टरांनी नको सांगितलंय’ म्हणा. माझं नाव घेतलंत तरी चालेल. साखर-दूध सोडल्याने कॅन्सर परत येणं टळतं, असंही नाही. वजन आटोक्यात ठेवा, आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चाला. तपासणीच्या आदल्या आठवड्यात झोप येणार नाही हे धरूनच चला. त्या आठवड्यात पाहुणे, पापड, मोठी खरेदी असं काही ठेवू नका आणि तपासणीला एकट्या जाऊ नका.

मी २४ वर्षांची आहे. आईला ३८व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, आता ती ठीक आहे. मावशीलाही होता. मला होईल का? आई या विषयावर बोलतच नाही, फाईल कपाटात कुलपात असते.
— एक वाचक, बेळगाव

सगळ्या स्तनांच्या कॅन्सरपैकी साधारण पाच ते दहा टक्केच वारशाने आलेल्या जनुकातल्या दोषामुळे होतात. पण आईला इतक्या लवकर आणि मावशीलाही, म्हणजे तुमच्या घरी हे तपासायला हवं. तपासणी आधी तुझी नाही, आईची करायची, रक्ताचा एक नमुना देऊन. तिच्यात बीआरसीए जनुकातला दोष सापडला तरच तुझी. तुझ्यात तो असण्याची शक्यता निम्मी, आणि भाऊ असेल तर त्याचीही तेवढीच. आधी जेनेटिक काउन्सेलरला, म्हणजे वारशाने येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्याला, भेटा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत ते असतात. आईत दोष सापडला नाही तरी आईच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून तपासण्या सुरू करण्याचा विचार होतो, म्हणजे तुझ्यासाठी अठ्ठाविशीच्या सुमारास. आज तुला एवढंच पुरे की आपली छाती कशी लागते हे ओळखून ठेव, काही बदललं तर दाखव.

आई बोलत नाही, कारण तिला भीती तिची नाही, तुझी आहे. हे तू मला दिलंस असं तू म्हणशील, ही भीती मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकली आहे. म्हणून ‘मला कॅन्सर होईल का’ असं तिला विचारू नकोस. ‘आई, डॉक्टरांनी तुझे कागद मागितलेत’ असं सांग. फाईलमधून तीन गोष्टी लागतील. बायोप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीचा रिपोर्ट, आणि ज्यावर ईआर, पीआर, हर-टू असं लिहिलेलं असतं तो कागद. मोबाइलवर त्यांचे फोटो काढून घे आणि मूळ फाईल तिच्याच कपाटात परत ठेवून दे.